चार बोटं

कारखाना बंद झाला त्या एप्रिलात
एलेउतेरियो रबरी बूट हातात घेऊन घरी आला,
आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बटाट्याच्या वाफ्यात
खुंट्या ठोकून सुतळी ताणू लागला.
मी खिडकीतून ओरडले, अजून जमिनीत जांभळे बटाटे आहेत.
म्हणाला, काढून घे.

अठरा वर्षं त्याने
पिंजऱ्यात वाढवलेले मासे चिरले,
एका रंगाचे, एका मापाचे.
होडी बांधताना मात्र एकदाच पाहिली होती,
नवव्या वर्षी, मामाला खिळे देताना.
कागद नव्हता, आराखडा नव्हता.
मामाचं माप म्हणजे वीत, हात,
आणि वर, डोळ्याला बरं दिसलं पाहिजे.

सायप्रसचं खोड रोसेन्दोच्या बैलांनी ओढत आणलं.
बदल्यात एक डुक्कर:
अर्धं आत्ता, अर्धं होडी तरंगली तर.

जूनमध्ये आमच्या चिलोए बेटावर पाऊस उभा पडत नाही,
आडवा येतो, समुद्राचाच एक पाहुणा.
पत्र्याखाली कणा, कण्याला नाळ.
बरगड्यांसाठी हा रानात वाकडी झाडं धुंडाळत फिरे.
सरळ झाड दिसलं की तोंड फिरवायचा,
सावकार दिसल्यासारखं.

फळी वाफवायला मला हाक मारली.
शिजलं की नाही हे तुला कळतं, म्हणे.
तेलाचं पिंप, त्याला जोडलेली लांब लाकडी पेटी,
फटींत कोंबलेली माझी जुनी लोकर.
मी वासावरून सांगायचे, आता.
मग ओली पोती हातांत गुंडाळून
दोघं चिखलातून धावायचो, मध्ये फळी,
गरम, लवचीक, तापात भ्रमलेल्या मुलासारखी,
आणि गार व्हायच्या आत तिला वळण लावायचं.
एक तडकली.
तो बराच वेळ तिच्याशेजारी बसला.
मी ती चुलीत घातली, त्या रात्री पाव छान फुगला.

मुलीचा फोन यायचा मोंतवरून.
एवढ्या पैशात फायबरची जुनी मिळाली असती, बाबा.
तो म्हणे, हो, मिळाली असती.
आणि रंधा मारत राही.

ऑगस्टात, अकराव्या बरगडीपाशी, काम थांबलं.
दोन दिवस तो अवजारांना धार लावत बसला,
धार असलेल्याच अवजारांना.
विचारलं तर म्हणे, लाकूड ओलं आहे.

रात्री तो घोरू लागल्यावर
मी कंदील घेऊन गेले.
एप्रनची नाडी कण्यापासून उजव्या काठापर्यंत लावली, गाठ मारली.
तीच नाडी डावीकडे लावली.
चार बोटं.
डावी बाजू चार बोटं आखूड.
उभी राहिले थोडी, पत्र्यावर पाऊस ऐकत.
मग गाठ सोडली, नाडी पुन्हा कमरेला बांधली.

तिसऱ्या दिवशी त्याने बारावी बरगडी बसवली.

आलेर्सेची साल कुटून तिचा काथ्या केला,
फटीफटीत ठोकला, आठवडाभर ठकठक,
कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं.
पिवळा रंग दिला, कारण पिवळाच उरला होता.

नोव्हेंबरात भरतीच्या दिवशी कळलं
की होडी फाटकातून जात नाही.
सगळे हसले. रोसेन्दो सर्वांत जोरात,
कारण त्याचं अर्धं डुक्कर अडकलेलं.
कुंपण पाडलं, बैल जुंपले,
माझ्या वाफ्यातून एक खोल चर समुद्रापर्यंत गेला.
ती पाण्यात शिरली, डगमगली,
आणि किंचित डावीकडे कलून
तरंगली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
रोसेन्दोच्या आलं असेल, पण डुक्कर त्याला हवं होतं.

विकतच्या होडीत दुसऱ्याच्या चुका असतात,
त्या वादळातच कळतात.

आता पहाटे तो वल्ही मारतो,
मी जाळं घेऊन समोर.
रोज मी उजव्या काठाशी बसते,
पायाशी शिंपल्यांची जड बादली, तीही उजवीकडे.
तो बघतो.
म्हणतो, आज वारा बरा आहे.
मी म्हणते, हो.